पंचविशी : अद्भुत कादंबऱ्यांच्या वाचन-आव्हानाच्या नोंदी

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

आज वाचनालयात कार्डं वाटली. साताऱ्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयात वर्षभर अद्भुत, म्हणजे फँटसी कादंबऱ्या वाचायच्या आणि वाचलेल्यावर एकमेकांशी बोलायचं, एवढाच बेत आहे. दुसऱ्या गावात कुणाला असं काही करावंसं वाटलं तर आमचा गेलेला वेळ आणि पैसा त्यांचा वाचावा, म्हणून या नोंदी ठेवते आहे.

कार्डाची कल्पना आमची नाही. इंग्रजीत अद्भुत साहित्य वाचणाऱ्यांमध्ये २०१५ पासून एक बिंगो खेळला जातो. पाच आडव्या, पाच उभ्या अशा पंचवीस चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत पुस्तकाबद्दल एक अट असते. पूर्ण कार्डात एका लेखकाचं एकच पुस्तक चालतं. एखादी चौकट अगदीच जमली नाही तर आधीच्या वर्षांच्या कार्डातली एखादी चौकट तिच्या जागी घेता येते. हा बिंगो १ एप्रिलला सुरू होतो आणि पुढच्या ३१ मार्चला संपतो. आम्ही पाडव्यापासून फाल्गुन अमावास्येपर्यंतचं वर्ष धरलं. पंचवीस चौकटी ऐकल्यावर सर म्हणाले, "मग नाव शोधायला नको. पंचविशी!" वेताळपंचविशीवरून. नाव तिथल्या तिथे ठरलं.

मंडळी अशी: गणिताचे निवृत्त शिक्षक असलेले सर, बँकेतले एक गृहस्थ, आठवीत गेलेली एक मुलगी आणि तिची आई, जिल्हा रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या एक सिस्टर, एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा, आमच्या ग्रंथपाल ताई आणि मी. वर्गणी माणशी दोनशे रुपये. जाड कार्डशीटवर छपाई आणि दोनशे पानी बांधीव रजिस्टर यात त्यातले साडेतीनशे गेले.

२१ एप्रिल

दोन आठवड्यांत कुणाचीही चौकट भरली नाही. कारण कार्डातच आहे. अटी मी इंग्रजी कार्डावरून जवळजवळ जशाच्या तशा घेतल्या होत्या. 'ड्रॅगन असलेली कादंबरी', 'पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा', 'या वर्षी प्रकाशित झालेलं'. इंग्रजीत यातल्या प्रत्येक अटीला शेकड्याने पुस्तकं मिळतील. आमच्या वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत त्या अटींत बसणारं मराठी पुस्तक शोधायला ताई आणि मी बसलो तेव्हा अर्ध्याहून जास्त चौकटी रिकाम्या राहिल्या. आठवीतल्या मुलीची आई फक्त मराठी वाचते. या कार्डावर तिच्यासाठी जागाच नव्हती.

मग कार्ड नव्याने लिहिलं. अट पुस्तकाच्या जातीवर न घालता आतल्या गोष्टीवर घालायची असं ठरवलं: 'ज्यात जादूची किंमत मोजावी लागते', 'ज्यात प्राणी बोलतो', 'ज्यात कुणीतरी आपलं नाव लपवतं', 'जिथे दार उघडल्यावर दुसरं जग लागतं', 'शंभर वर्षांपूर्वीचं', 'हिंदीतलं किंवा दुसऱ्या भारतीय भाषेतलं'. मग प्रत्येक चौकटीपुढे नोंदवहीतलं निदान एक मराठी पुस्तक पेन्सिलीने लिहून पाहिलं आणि ज्या चौकटीला ते सापडेना ती काढून टाकली. या कामात दोन संध्याकाळी गेल्या. हे काम कार्ड छापायच्या आधी करायचं असतं. पहिली छपाई रद्दीत गेली, नवी कार्डं साध्या कागदावर झेरॉक्स करून घेतली.

५ मे

पुस्तकं आणायला पुण्याला गेले. अप्पा बळवंत चौकात मराठी पुस्तकं मिळाली. इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांसाठी मात्र जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर फिरावं लागलं. तिथे मालिकेतला तिसरा किंवा पाचवा भाग हमखास मिळतो, पहिला नाही. स्वस्त दिसला म्हणून मधला भाग घेऊ नका. घरी येऊन तो पडून राहतो आणि पहिल्या भागासाठी शेवटी नव्या पुस्तकाचे पैसे मोजावे लागतात. मी आणलेल्या सात पुस्तकांतली दोन अशी पडून आहेत.

म्हणून आजपासून नियम: मालिकेचा पहिला भाग वाचून झाल्याशिवाय वर्गणीतून पुढचा भाग घ्यायचा नाही.

२६ मे

पहिलं पुस्तक असं निघालं की ज्यावर सगळे बोलले. उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ ची. जेमतेम दोनशे पानं. सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी हेच पुस्तक हातात देईन. गेड हा बकऱ्या राखणारा मुलगा जादू शिकायला रोक नावाच्या बेटावर जातो, गर्वाने नको ती विद्या वापरतो आणि त्याच्याच हातून सुटलेली एक सावली त्याच्या मागे लागते. गेडचा रंग तांबूस सावळा आहे, त्या द्वीपसमूहातली बहुतेक माणसं सावळी किंवा काळी आहेत. मुलीला हे फार आवडलं. तिने वाचलेल्या इंग्रजी गोष्टींत जादूगार नेहमी गोराच असायचा.

बोलणं रंगलं ते मात्र पावसावरून. रोकच्या शाळेत शिकवतात की जादूने काहीही करताना तोल सांभाळला पाहिजे, कारण रोकवर पाडलेला पाऊस ओस्किल बेटावरचा दुष्काळ ठरू शकतो. सिस्टर मूळच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या. गेल्या पावसाळ्यात पाऊस हुकला आणि हा उन्हाळा त्यांच्या गावाने टँकरवर काढला. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, जिथे पावसाने छप्पर गळतं म्हणून लोक कुरकुरतात. त्या म्हणाल्या, "आमच्याकडचा पाऊस कुणीतरी तिकडे पाडतंय असं आजी म्हणायची. या बाईंनी ते लिहूनच ठेवलंय." त्या दिवशी वाचनालय बंद व्हायची वेळ टळून गेली तरी कुणी उठेना.

अद्भुत कादंबरीला पळवाट म्हणणाऱ्यांनी ती संध्याकाळ पाहायला हवी होती.

१६ जून

रजिस्टरचा घोळ. ज्याने पुस्तक वाचलं त्याने नोंद करायची, पुढच्याने ती वाचून पुस्तक घ्यायचं, अशी योजना होती. प्रत्यक्षात नोंदी म्हणजे कथानकाचा सारांश होऊन बसल्या. सुझॅना क्लार्क यांच्या 'पिरानेसी'चा शेवट एका नोंदीत पूर्ण लिहिला गेला. ही कादंबरी २०२० ची, २०२१ चा विमेन्स प्राइझ मिळालेली. पुतळ्यांनी भरलेल्या, समुद्राच्या भरतीने बुडणाऱ्या अंतहीन दालनांत राहणाऱ्या माणसाची ती दैनंदिनी आहे. तो कोण आणि तिथे कसा आला हे हळूहळू उलगडत जाणं हाच त्या पुस्तकाचा प्राण. नोंद वाचल्यावर तिघांनी ते घ्यायचंच सोडून दिलं. या पुस्तकासाठी मी सगळ्यात जास्त आतुर होते, त्यामुळे वाईट वाटलं.

उपाय करून पाहिले. 'शेवट सांगू नका' अशी सूचना चिकटवली. ती पुरली नाही, कारण शेवट कुठे सुरू होतो हे प्रत्येकाच्या मते वेगळं असतं. आता रजिस्टरचं पान उभं दुमडतो. डाव्या बाजूला पहिल्या पन्नास पानांपुरतं लिहायचं, ती बाजू उघडी. उजव्या बाजूला उरलेलं, ती दुमडून वर पिन. पुस्तक वाचून झालं असेल त्यानेच पिन काढायची आणि परत लावायची. सोपं आहे आणि चालतंय.

१७ जुलै, आषाढी एकादशी

पालखी पुढे गेली, शाळा सुरू झाल्या, वाचन थंडावलं. ते साहजिक आहे, त्याची काळजी नाही. काळजी वेगळीच आहे.

नोंदींची पिन सुटली तरी आत काही नसतं. 'छान पुस्तक', 'वेगळं जग', 'भाषा कठीण'. रविवारी बसतो तेव्हा एकजण कथा सांगतो, बाकीचे माना डोलावतात, विषय पावसावर जातो. अर्थसीच्या वेळी जे घडलं ते परत घडवून आणायचं कसं, यावर मी बरेच दिवस विचार करत होते. मी प्रश्नपत्रिकेसारखा तक्ता करून पाहिला: पात्रं, जग, जादूचे नियम, भाषा, गुण. एमपीएससीवाल्या मुलाने तो इमानेइतबारे भरला आणि मला म्हणाला, "ताई, हे मी दिवसभर करतोच, इथे तरी नको."

सरांनी रस्ता दाखवला. ते वेताळपंचविशी नव्याने वाचत होते, सोमदेवाच्या कथासरित्सागरातली. ते म्हणाले, "वेताळ गोष्ट सांगून थांबतो का? तो प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, म्हणतो. राजा बोलला की हा परत झाडावर. म्हणजे गोष्ट चालू राहते ती प्रश्नामुळे."

तेव्हा ठरलं: नोंदीच्या शेवटी एक प्रश्न लिहायचा. प्रश्न असा हवा की पुस्तक न वाचलेल्यालाही आपल्या अनुभवावरून उत्तर देता यावं. आणि ज्याला उत्तर सुचेल त्याने गप्प बसायचं नाही.

११ ऑगस्ट

प्रश्नाचा नियम लागू झाल्यापासून रजिस्टर भरू लागलं आहे. काही प्रश्न इथे उतरवते, म्हणजे अंदाज येईल.

'खरं नाव कुणालातरी सांगणं म्हणजे त्याच्या हातात आपला जीव देणं. तुम्ही असं काय आणि कुणाला सांगितलं आहे?' (अर्थसीवर, मुलीची आई.)

'दिलेला शब्द पाळल्याने नुकसानच होणार हे दिसत असताना राजाने काय करावं?' (लोककथेवर, ताई.)

'खलनायकाला त्याचं म्हणणं मांडायला लेखकाने एकही पान दिलं नाही. हा न्याय झाला का?' (बँकेतले गृहस्थ.)

या शेवटच्या प्रश्नाखाली मुलीने दीड पान लिहिलं आहे. ती बोलताना बुजते, लिहिताना नाही. एरवी तिचं मत आम्हाला कळलंच नसतं.

सगळ्याच प्रश्नांना उत्तरं मिळत नाहीत. ते चालतं. वेताळाच्या शेवटच्या कोड्यात बाप एका परक्या मुलीशी आणि त्याचा मुलगा त्या मुलीच्या आईशी लग्न करतो. त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहून चालत राहतो आणि वेताळ प्रसन्न होतो तो त्याच वेळी. सरांनी फळ्यावर आकृती काढून हे नातं सोडवायचा प्रयत्न केला. फळा अजून पुसलेला नाही.

१ सप्टेंबर

सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक वाचायचा प्रयोग: टॉल्किन यांचं 'हॉबिट', १९३७ चं. कुणी मराठी अनुवाद घेतला, कुणी इंग्रजी, सिस्टर रात्रपाळीला जाता-येता ऐकतात. पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला, कारण 'साठ पानांपर्यंत वाचा' असं सांगितलं होतं. मराठीतली साठ पानं आणि इंग्रजीतली साठ पानं वेगवेगळ्या ठिकाणी येतात, ऐकणाऱ्याला तर पानंच नसतात. दोघे पुढे निघून गेले, एकजण मागे राहिला. आता प्रकरणांवर चालतो. प्रकरणं एकोणीस, आठवड्याला तीन.

ऐकणाऱ्यांची आणखी एक अडचण होती. सिस्टर नावं जशी ऐकतात तशी लिहितात, वाचणारे अक्षरांवरून वेगळीच उच्चारतात, आणि तेरा बुटक्यांच्या नावांत कोण कोण हे कुणालाच कळेना. ताईंनी सगळी नावं देवनागरीत एका तक्त्यावर लिहून भिंतीला लावली: थोरिन, बालिन, ड्वालिन, फिली, किली. अशा कादंबऱ्यांसाठी हा तक्ता पहिल्या दिवशीच करावा. नवखा वाचक कथेला कंटाळून सोडत नाही, नावांत हरवला की सोडतो.

पाचव्या प्रकरणात अंधाऱ्या गुहेत बिल्बो आणि गोलम एकमेकांना कोडी घालतात. त्यात अंड्याचं कोडं आहे, बिजागरी नाही, किल्ली नाही अशा पेटीतल्या सोनेरी खजिन्याचं. ते वाचताच मुलीची आई म्हणाली, "हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली." भेंडी! मग प्रत्येकाला आपापल्या घरची कोडी आठवू लागली. तासभर तेच चाललं आणि त्या दिवसाचं उरलेलं वाचन राहिलं. राहू दे.

हे प्रकरण टॉल्किन यांनी पुढे बदललं होतं हे सांगितल्यावर सगळे चकित झाले. पहिल्या आवृत्तीतला गोलम हरला तर अंगठी बक्षीस द्यायला तयार होता. पुढच्या मोठ्या कादंबरीत, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, त्या अंगठीला भलतंच महत्त्व आलं, म्हणून १९५१ च्या आवृत्तीत हा प्रसंग नव्याने लिहिला गेला. मुलीचा प्रश्न रजिस्टरात: 'आधी छापलेलं खोटं ठरवायचा हक्क लेखकाला आहे का?'

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. दोन आठवडे बैठक नाही.

१३ ऑक्टोबर

'शंभर वर्षांपूर्वीचं' या चौकटीवर सगळे अडले होते. मराठी कादंबरी सुरुवातीला अद्भुतातच रमली होती: लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. पुढे नाथमाधवांची 'वीरधवल' कित्येक पिढ्यांनी वाचली. आपल्याकडे या प्रकाराची परंपरा नाही असं म्हणणाऱ्यांना मी ही नावं ऐकवते.

पण पुस्तक हातात येईपर्यंत वेळ गेला. 'वीरधवल'ची आमच्याकडची प्रत इतकी जीर्ण आहे की ताई ती घरी देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतं आणि स्कॅन केलेल्या प्रतीही उघडपणे मिळतात. ज्यांना पडद्यावर वाचवत नाही त्यांच्यासाठी पहिली चाळीस पानं छापून घेतली. ज्यांना आवडेल त्यांनी पुढची छापून घ्यायची. पूर्ण पुस्तक सगळ्यांसाठी छापलं असतं तर वर्गणी संपली असती.

मुलगी जुन्या लिखाणातल्या अनुस्वारांना अडखळली. 'घरें', 'मुलें', 'कांहीं' हे सगळं नाकातून वाचायचं का, असं तिने विचारलं. न उच्चारले जाणारे हे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले, तोवर असंच छापत असत, हे सरांनी सांगितल्यावर तिचा वेग वाढला. जुनं पुस्तक नव्या वाचकाला देताना एवढी एक गोष्ट आधी सांगावी.

मुलाने 'हिंदीतलं' या चौकटीत देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' वाचली, १८८८ ची. नौगढचा राजपुत्र, विजयगढची राजकन्या, वेष पालटणारे ऐयार म्हणजे हेर आणि चुनारजवळचं तिलिस्म, म्हणजे जादूचा भूलभुलैया. लिपी देवनागरीच, त्यामुळे दोन-तीन प्रकरणांत तो सरावला. अभ्यासाच्या पुस्तकांखाली लपवून वाचली म्हणाला.

२४ नोव्हेंबर

कार्डातली एक चौकट 'अर्धवट सोडलेलं पुस्तक' अशी होती. पुस्तक का सोडलं याची नोंद केली की चौकट भरली. ही चौकट मी घातली तेव्हा सगळ्यांना ती सवलत वाटली होती. प्रत्यक्षात सगळ्यात मनापासून लिहिलेल्या नोंदी तिथेच आल्या आहेत. आवडलेल्या पुस्तकाबद्दल माणूस चार विशेषणं लिहून थांबतो. सोडलेल्याबद्दल त्याला स्वतःला नेमकं काय हवं होतं तेच सांगावं लागतं.

बँकेतल्या गृहस्थांनी रॉबर्ट जॉर्डन यांची 'व्हील ऑफ टाइम' सोडली. चौदा भागांची मालिका, १९९० ला सुरू झालेली. त्यांनी दीड भाग वाचला. त्यांची नोंद: 'प्रवास आवडला, पण प्रत्येक मुक्कामाचं जेवण आणि कपडे इतके सविस्तर आहेत की संकट विसरायला होतं.' पुढे लिहितात की हे पुस्तक वाईट नाही, ते तिशीत हाती यायला हवं होतं. जॉर्डन २००७ मध्ये गेले आणि शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांवरून पूर्ण केले, शेवटचा २०१३ मध्ये आला. त्यावर त्यांचा प्रश्न: 'दुसऱ्याने पूर्ण केलेली गोष्ट पहिल्याचीच राहते का?' सरांचं उत्तर खाली आहे: बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या मुलाने पूर्ण केली, ती आपण बाणाचीच म्हणतो. बोलका पोपट, शाप, पुनर्जन्म, सगळं तिच्यात आहे. तिला आम्ही कार्डात का घेतलं नाही, असंही त्यांनी खाली विचारलं आहे. घ्यायला हवी होती.

मला स्वतःला या लांबलचक मालिका आव्हानात बसवता आल्या नाहीत. जाड पुस्तकाला दोन चौकटी द्याव्यात असं महिनाभर करून पाहिलं. मग लोक पानं मोजू लागले, मोठ्या टायपातली आवृत्ती शोधू लागले. नियम काढून टाकला. आता जाड पुस्तक वाचणाऱ्याचं कार्ड अपुरं राहिलं तरी ते पूर्णच धरतो, त्याच्या रजिस्टरातल्या नोंदी पाहून.

२२ डिसेंबर

मिखाएल एंडे यांची 'नेव्हरएंडिंग स्टोरी'. मूळ जर्मन, १९७९ ची. कादंबरीतला मुलगा पुस्तक वाचतोय ते खरं जग लाल शाईत छापलेलं आणि त्याच्या पुस्तकातलं जग हिरव्या. सव्वीस प्रकरणं, प्रत्येकाची सुरुवात वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने. आम्हाला मिळालेल्या स्वस्त आवृत्तीत शाई एकच, दोन जगं फक्त तिरप्या अक्षरांनी वेगळी केलेली. मुलीला ते ओळखता येईना. पुस्तक वाचनालयाचं, त्यावर रंगवणं शक्य नाही. तिने पतंगाच्या लाल-हिरव्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि कुठलं जग चालू आहे त्याप्रमाणे पानात घालत गेली. आता ते पुस्तक घेणाऱ्या प्रत्येकाला पट्ट्यांसकट मिळतं.

१९ जानेवारी २०२५

जी. ए. कुलकर्णींवरून वाद. 'जिथला प्रदेश नकाशावर नाही' या चौकटीत ताईंनी 'रमलखुणा' लिहिलं, १९७५ चं. त्यातल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घ कथांचं जग कुठल्याच ओळखीच्या देशकाळात बसत नाही. गृहस्थांचं म्हणणं, जी. एं.ना फँटसीच्या खणात ठेवणं म्हणजे त्यांना लहान करणं. शिवाय कार्ड कादंबऱ्यांचं आहे आणि या कथा आहेत.

दुसरा मुद्दा मी मान्य केला, तरी चौकट भरलेली धरली. पहिला मला अजिबात मान्य नाही. अनोळखी देव, शकुन, नियतीकडे चालत जाणारा माणूस, हे अद्भुताचं अगदी मूळचं सामान आहे. 'इस्किलार' वाचून अंगावर काटा येतो तो अद्भुत असूनही नव्हे, अद्भुत आहे म्हणूनच येतो. खण लहान आहे असं आपण का धरून चालतो? ताईंनी प्रश्न म्हणून हेच रजिस्टरात उतरवलं. वाद दोन रविवार चालला आणि कुणाचंच मत बदललं नाही. या वर्षातल्या सगळ्यात चांगल्या बैठका त्याच.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' थंडीत तिघांनी घेतलं, त्यातल्या सरांनी आणि मुलीच्या आईने मुग्धा कर्णिक यांच्या मराठी अनुवादात. बासष्ट प्रकरणं आहेत, पाडव्याआधी होणार नाही. आम्ही ते कार्डाबाहेर ठेवलं, म्हणजे त्यांनी घाईने वाचू नये.

२३ फेब्रुवारी

दिल्लीचं साहित्य संमेलन आज संपलं. अध्यक्ष तारा भवाळकर लोकसंस्कृतीच्या अभ्यासक, म्हणून ताईंनी महिनाभर लोकसाहित्याचं कपाट पुढे आणून ठेवलं होतं. 'लोककथा' आणि 'प्राणी बोलतो' या चौकटी त्यातून पटापट भरल्या. दर महिन्याला दोन चौकटींची पुस्तकं अशी पुढे मांडायला हवी होती. लोक यादी वाचत नाहीत, हाताला लागेल ते उचलतात.

२९ मार्च २०२५, फाल्गुन अमावास्या

आज कार्डं जमा केली. पूर्ण पंचवीस चौकटी दोघांच्या भरल्या, मुलीच्या आणि सरांच्या. सिस्टरांच्या अठरा, बहुतेक ऐकून. मुलाने परीक्षेमुळे जानेवारीत थांबवलं, त्याच्या अकरा. मुलीच्या आईच्या पंधरा, सगळी मराठी. रजिस्टर संपत आलं आहे.

हिशेब: वर्गणी सोळाशे जमली. छपाई, रजिस्टर, झेरॉक्स यांचे सातशेच्या आसपास, त्यात रद्दीत गेलेली कार्डंही आली. उरलेल्यात जुनी पुस्तकं. टपालाने मागवलेल्या चार पुस्तकांचे पैसे ज्याचे त्याने दिले आणि वाचून झाल्यावर पुस्तकं वाचनालयाला दिली. पुण्याच्या फेरीचा एसटीचा खर्च माझा.

उद्यापासूनच्या कार्डात बदल असे. चौकटी पंचवीसच, पण त्यातल्या दहा सगळ्यांना सारख्या आणि पंधरा ज्याच्या त्याने निवडायच्या. 'अर्धवट सोडलेलं' एकाऐवजी दोन चौकटींत. बाणाची 'कादंबरी' मराठीतून, सगळ्यांनी मिळून, श्रावणात. लेखक एकदाच हा नियम कायम, त्यामुळेच लोक ओळखीच्या नावांपलीकडे गेले. नावांचा तक्ता प्रत्येक सामूहिक पुस्तकाला. मुलगी आता नववीत जाईल, रविवारची बैठक तिच्या क्लासच्या वेळेमुळे शनिवारी संध्याकाळी घेतो आहोत. नवं रजिस्टर तीनशे पानी आणलं आहे, आणि ताईंनी त्याच्या पानांवर दुमडायची रेघ आधीच आखून ठेवली आहे.